वाट कोणी चुकविली?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. त्वरिता देवीच्या मंदिरामुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परंतु महाराष्ट्रात तळवडे, तळवाडे अशा मिळत्याजुळत्या नावांची गावेही आहेत. पाकिटावर नुसते गावाचे नाव घातले, तर बीडचे पत्र कोकणात जावयाचे! असा घोटाळा टळावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. कवीने आकड्यांत रमावे, ही मोठी मौजेची गोष्ट!

तलवाड्यातील एखादा मुलगा मोबाइलवर चित्रफीत मागतो, तेव्हा त्याची मागणीही टपालासारखीच हातोहात पुढे जाते. इंटरनेट म्हणजे एक जाळे नव्हे, तर एकमेकांस जोडलेली हजारो जाळी होत. प्रत्येकाला क्रमांक असतो. प्रत्येक जाळे शेजाऱ्यास सांगते, 'अमुक पत्त्यांची वाट माझ्याकडून जाते.' दोन वाटा सांगितल्या गेल्या, तर ज्या वाटेचा पत्ता अधिक नेमका, तीच धरावयाची असा नियम आहे. शेजाऱ्याच्या शब्दाची शहानिशा मात्र पूर्वी क्वचितच होई.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी हा विश्वास महागात पडला. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याची आज्ञा दिली होती. तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांची एक खोटी, पण अधिक नेमकी वाट तयार केली. ती देशातच राहावयाची, ती बाहेर फुटली! हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने ती खरी मानून पुढे सांगितली आणि जगभरच्या मागण्या पाकिस्तानकडे धावू लागल्या. तेव्हा भारतात मध्यरात्र उलटली होती.

आता गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? आपल्या गावच्या कंपनीकडे? तिचा काहीच अपराध नव्हता. यूट्यूबचे यंत्र तर धडधाकट होते. परंतु वाटेच्या प्रत्येक घोषणेबरोबर ती ज्या ज्या जाळ्यांतून आली, त्यांचे क्रमांक ओळीने येतात. ती ओळ वाचली की खोटी वाट कोठे उपजली आणि कोणी पुढे नेली, हे उमगते. यूट्यूबने सुमारे ऐंशी मिनिटांनी स्वतःच्या नेमक्या वाटा घोषित केल्या, तेव्हा काहीसा उतार पडला. पुरता गुंता सुटला तो दोन तासांहून अधिक वेळाने, हाँगकाँगच्या कंपनीने ती वाट मागे घेतल्यावर!

क्रमांक कळला, तरी त्यामागचा माणूस सापडावा लागतो. त्यासाठी नोंदवह्या आहेत. अमेरिकेत एलिझाबेथ फाइन्लर यांनी १९७० च्या दशकात अशी नामसूची जोपासली; त्या वेळी जाळे लहान होते. आज आशियातील नोंदी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनची एपनिक संस्था ठेवते, आणि २०१२ पासून भारताची स्वतंत्र नोंदणीही आहे. प्रत्येक क्रमांकापुढे जबाबदार व्यक्तीचा अथवा विभागाचा पत्ता असतो. पण माणसे नोकरी बदलतात, टपालपेट्या बेवारस पडतात. म्हणून एपनिक दर सहा महिन्यांनी तक्रारीच्या पत्त्यावर पत्र धाडते आणि तेथे कोणी उत्तर देणारा आहे ना, हे पाहून घेते.