आडोसा

मुलींच्या हॉस्टेलच्या मागे एक लांबलचक ओटा आहे. कपडे वाळत घालायचे, केस वाळवायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपने जागायचं आणि घरची आठवण आली की कोपऱ्यात बसून रडायचं, असा तो सर्वोपयोगी ओटा! गेल्या वर्षी टू-व्हीलर पार्किंग बरोबर त्याच्यासमोर, तारेच्या कुंपणापलीकडे आलं आणि ओटा ओस पडला. कुणी काही वाईट वागतं असं नाही. पण गाडीवर रेलून गप्पा मारणारे वीस-पंचवीस जण समोर असताना गाऊनवर बसून फ्लुइड मेकॅनिक्स कोण वाचणार? आता ओले कपडे खोलीतच दोरीवर लटकतात आणि पावसाळ्यात खोलीभर कुबट वास येतो. फर्स्ट इयरच्या मुलींना तर ओटा बसायला असतो, हेच माहीत नाही.

यावर सुचवलेला उपाय म्हणजे पत्रा. कुंपणाला पत्रा ठोकायचा, विषय संपला. मला मात्र तो तिथून सुरू झाल्यासारखा वाटतो.

आधी इंजिनिअरिंगचं बोलू. आय.एस. 875 च्या तिसऱ्या भागात पुणे-नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. बाकीचे गुणांक बाजूला ठेवले तरी चौरस मीटरला साधारण 93 किलो येतात. आपला पत्रा 12 मीटर लांब आणि 2 मीटर उंच धरला, तर सव्वादोन टन! त्या बिचाऱ्या लोखंडी अँगलना हे कुणी विचारलंय का? वेलीतून वारा आरपार जातो, पानं वळतात, त्यामुळे भार बराच कमी होतो. शिवाय ओटा पश्चिमेला. मेसच्या मावशींनी तर एका वाक्यात निकाल दिला, "अगं पोरी, पत्रा लावला की उन्हाळ्यात भाकरीसारख्या भाजून निघाल. आडोसा पाहिजे ना? मग येल लावा की!"

आडोसा! मी कॉन्व्हेंटवाली, मला 'प्रायव्हसी' ठाऊक होता, हा शब्द नव्हता. पत्रा आपल्याला कोंडतो. आडोशाच्या आत मात्र आपण मोकळे असतो. एवढा फरक त्या एका शब्दात आहे.

मग कोणता वेल, यावर ओट्याच्या पायरीवर परिषदा भरल्या. पहिली सूचना द्राक्षाची, अर्थात नाशिकच्या मैत्रिणीची. पण तिनेच पुढे सांगितलं की द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळाची छाटणी. म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर आमचा पडदा उघडा! वर फवारण्या आल्याच. द्राक्षं नापास.

दोडका, कारलं, पडवळ हे पावसाळ्यातले धावपटू. भराभर चढतात, पण एका हंगामात वाळून जातात. तरी दोडका मला आवडतो. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे प्रॅक्टिकल संपवून आपण परत येतो तेव्हा. एका मैत्रिणीने पार्किंगच्या बाजूला खाजकुइली लावायचं सुचवलं. ठराव बहुमताने (आणि खेदाने) फेटाळला, कारण वारा पश्चिमेकडून येतो आणि कपडे आमचेच वाळतात!

तोंडलीला मात्र सगळ्यांची मतं पडली. तिचं बी लावत नाहीत, जून वेलाचा फाटा लावतात. एकदा रुजली की वर्षानुवर्षं राहते, छाटली की पुन्हा फुटते. आणि तोंडली-भात मेसमध्ये संपतो, याला सारे साक्षी आहेत.

शेवटचा उमेदवार पॅशन फ्रूट, आपल्या कृष्णकमळाचा सख्खा नातेवाईक. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, सदाहरित, दाट पानांचा. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की यातलं 'पॅशन' म्हणजे ख्रिस्ताच्या यातना. फुलातली झालर हा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर या पाच जखमा, वरचे तीन भाग हे तीन खिळे. मावशींच्या हिशोबात तीच झालर शंभर कौरव, पाच पांडव आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश. फूल तेच, मोजणीही तीच! व्यवहाराची गोष्ट अशी की उष्ण हवेत पिवळ्या फळाची जात बरी, पण तिला स्वतःचे पराग चालत नाहीत. म्हणून दोन वेगवेगळी रोपं हवीत. परागीभवन करतो तो मोठा काळा भुंगा.

हे वेल धरतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. त्यांचे ताणे तारेला स्पर्श झाला की वेटोळं घालतात आणि मग स्प्रिंग होतात. दोन्ही टोकं बांधलेली असल्याने अर्धी स्प्रिंग एका दिशेने आणि अर्धी उलट दिशेने वळते. डार्विनने वेलींवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते 1875 मध्ये निघालं. त्यात हे आहे. आपल्या मशीन डिझाइनच्या तासाला नाही.

तार ओढतानाही अक्कल हवी. अँगल 3 मीटर अंतरावर आहेत. पावसात भिजलेला वेल मीटरला 5 किलो धरा. तारेला 10 सेंटिमीटर झोळ ठेवला तर ताण सुमारे 56 किलो येतो. हौसेने ओढून झोळ 5 सेंटिमीटर केला तर 112! थोडी सैल सोडलेली तार जास्त टिकते. (हे हॉस्टेलच्या नियमांनाही लागू पडावं.)

वॉर्डन मॅडमच्या शंका रास्त आहेत. साप? खालची फूटभर जागा पानं काढून मोकळी ठेवायची. डास? कुंड्या आणि बशा नकोत, वेल जमिनीतच लावायचे, म्हणजे पाणी साचणार नाही. सुट्टीत पाणी? मेसमध्ये भाजी धुतलेलं पाणी आहे आणि वॉचमनकाकांनी स्वतःहून हो म्हटलंय.

काही जणी म्हणतात, "आपण का लपायचं? बघणाऱ्यांनी नजर वळवावी." पटतं मला. पण नजरा सुधारेपर्यंत ओटा रिकामा का ठेवायचा? आणि पत्रा कुणीतरी आपल्यासाठी ठोकतो, वेल आपण लावतो. पानं बाजूला करून बाहेर बघायचं की नाही, हेही आपणच ठरवतो.

तेव्हा बेत असा. जूनच्या पहिल्या पावसात तीन तारा. पहिल्या हंगामापुरता दोडका, मधे तोंडलीचे फाटे आणि दोन्ही टोकांना पॅशन फ्रूट. दोडका वाळेल तोवर तोंडली वर पोचलेली असेल, पॅशन फ्रूटची फळं साधारण पुढच्या वर्षी. आम्ही फायनल इयरला असू, खाणार ज्युनिअर्स. फाटे द्यायला मावशी तयार आहेत, खड्डे खणायला आम्ही. पार्किंगवाल्या बंधूंनी कुदळी आणाव्यात. कुंपणाच्या पलीकडे लटकणारी तोंडली त्यांची!