फटींचा रंग

पहिलं मोझेक मी अकरा दिवस खपून बसवलं आणि एका संध्याकाळी त्याचं वाटोळं केलं. दोन बाय तीन फुटांचा प्लाय, विषय पावसाआधीचं आकाश. निळ्या-करड्या टाइलच्या कपच्या, फुटक्या कपबश्या, मध्येच बांगडीच्या काचेचा हिरवा तुकडा. सगळं घट्ट बसल्यावर फटी भरायला पांढरं सिमेंट कालवलं, कारण गच्चीवरच्या चायना मोझेकमध्ये लहानपणापासून तेच पाहिलेलं. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं आणि आकाश गेलं! प्रत्येक निळ्याभोवती पांढरी चौकट. चित्राच्या जागी नुसती जाळी.

वीस वर्षं तैलरंगात काम केल्यानं एक माज येतो. हवा तो करडा आपण बनवू शकतो, निळ्यात जरा बर्न्ट सिएना, टोकावर पांढरा. टाइलच्या दुकानात करडे तीनच होते आणि तिन्ही नको होते.

हा नाद लागला इटलीतल्या रावेन्नात. गाला प्लासिडियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी पाचव्या शतकातली ती वास्तू बाहेरून इतकी साधी, विटांची, की गोदाम समजून पुढे जावं. आत खिडक्यांना अलाबास्टरचे पातळ तक्ते, त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. डोळे सरावले की वर गर्द निळं छत दिसतं, त्यावर सोनेरी तारे. मी मान कलती केली तर काही तारे विझले, शेजारचे पेटले. परत सरळ केली, पुन्हा तेच. बराच वेळ मी तो पोरखेळ करत उभी होते. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो, हे वाचलेलं होतं. पण तुकडे एका सपाटीत नसतात, किंचित तिरपे असतात आणि म्हणून चालणाऱ्या माणसाबरोबर उजेड चालतो, हे तिथं मानेला कळलं. जवळच सान व्हिताले आहे, ५४७ साली अर्पण झालेलं चर्च. तिथं सम्राज्ञी थिओडोराच्या चेहऱ्याला बारीक तुकडे, वस्त्रांना मोठे.

चित्रकार क्लिम्ट १९०३ मध्ये ही मोझेक पाहून गेला. पुढे ब्रुसेल्समधल्या स्टोक्ले महालाच्या जेवणघरासाठी त्यानं चित्रं काढून दिली, ती मोझेकमध्ये उतरवली व्हिएन्नात लिओपोल्ड फोर्स्टनरच्या कार्यशाळेनं. मला ही वाटणी पटत नाही. (क्लिम्टचं चुकलं म्हणायला आपलं काय जातं!) कपची कशी फुटते, हे माझ्याच बोटांना कळायला हवं होतं.

ते शिकवलं आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणाऱ्या मिस्त्रींनी. बिघडलेला प्लाय जिन्यात टेकवून ठेवला होता, तो पाहून ते थांबले. "ताई, रंगीत तुकड्याला पांढरं कशाला? काळा ऑक्साइड टाकायचा." मग माझी पकड बाजूला ठेवत म्हणाले, "हिनं कुरतडत बसलात तर दिवाळी येईल." गोणपाटाची चौघडी घातली, टाइल तिच्यावर पालथी ठेवली आणि मधोमध हातोडीची एकच टिचकी मारली. पाच तुकडे. त्यातला एक उचलून अंगठ्यानं कड चाचपली, नापसंत करून टाकला, दुसरा घेतला.

दुसरं आकाश मी तसंच बसवलं. न मिळालेला करडा निळ्याशेजारी खापराचा तांबूस तुकडा लावून मिळाला. हातभर अंतरावरून दोन्ही वेगळे दिसतात, सहा पावलं मागे गेलं की ढग होतो. फटींत साध्या सिमेंटमध्ये काळा ऑक्साइड कालवून भरला आणि काचेतले निळे अक्षरशः उसळून वर आले. मग लक्षात आलं, फट रुंद सोडली की ढग काळवंडतो, चिंचोळी ठेवली की निवळतो. म्हणजे इतके दिवस ज्याला मी नुसतं भरण समजत होते, तो माझ्या पॅलेटवरचा सगळ्यात गडद रंग होता. तिसऱ्या चित्रात तर मी आधी फटी आखल्या आणि तुकडे नंतर शोधले.

गच्चीचं काम संपल्यावर मिस्त्री हिशेबाला घरी आले. चारचं ऊन पॅनेलवर तिरपं पडलं होतं. त्यांनी सवयीनं त्यावरून तळहात फिरवला. तो उजव्या कोपऱ्यात अडला.

"इथं तुकडा वर आलाय, ताई. गच्चीवर असता तर पायाला लागला असता."

"मुद्दाम बसवलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तुकड्याकडं. जरा डावीकडं सरकले, परत उजवीकडं आले. मग पुन्हा डावीकडं.