आईच्या हृदयाची झडप

आमची आई ७८ वर्षांची. जिना चढताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आकसली. छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून, नळीने नवी बसवता येईल.

मी कारकून माणूस, आकडे शोधले. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी अशी पहिली झडप बसवली. तो रुग्ण काही महिन्यांतच गेला. २०१० चा अभ्यास शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांचा : जुन्या उपचारावर वर्षभरात शंभरातले ५१ दगावले, नळीने झडप बसवलेले ३१. २०१९ मध्ये, कमी धोक्याच्या रुग्णांत, शंभरात १. अर्थात ही माणसे मुळातच धडधाकट. आमची आई त्यांत बसते का, हे डॉक्टरांना विचारायचे आहे.

आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "ते राहू दे, खर्च किती?"

उद्या पतपेढीत अर्ज देतो आहे.