विमचा नवा कारभारी

१९८८ साली ब्राम मोलेनारने अमिगा संगणक घेतला आणि त्याच्या बोटांची पंचाईत झाली. नेदरलँड्समधल्या या इंजिनिअरच्या हाताला युनिक्सवरच्या ‘व्हीआय’ या एडिटरचं वळण लागलेलं, आणि अमिगावर तसं मनाजोगतं काही मिळेना. टिम थॉम्पसन नावाच्या प्रोग्रॅमरने अटारी एसटी संगणकासाठी ‘स्टीव्ही’ नावाचा व्हीआयसारखाच छोटा एडिटर लिहिला होता, त्याचा सोर्स कोड मोकळा होता. मोलेनारने तो उचलला, त्यातून आपल्या यंत्रापुरतं काम भागवलं आणि मग डागडुजी करत बसला. ती डागडुजी पस्तीस वर्षं चालली. तिचं नाव विम.

खरं तर व्हीआयसुद्धा कुणा एकाचा नव्हता. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कूलुरिसने ‘एम’ नावाचा एडिटर केला, तो बर्कलीत बिल जॉयने पाहिला आणि १९७६च्या सुमारास स्वतःचा लिहायला घेतला. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर बसायचा, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, पण पुण्यातली कालपरवा नोकरीला लागलेली मुलगीही विममध्ये कर्सर खाली न्यायला ‘जे’च दाबते. जॉय पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत जाऊन बसला आणि व्हीआय दुसऱ्यांच्या हाती राहिला. मोलेनारला मात्र आपला एडिटर असा सोडून देणं कधी जमलं नाही, किंवा त्याला ते नकोच होतं.

१९९१मध्ये विम पहिल्यांदा बाहेर पडला तो फ्रेड फिशच्या ५९१ क्रमांकाच्या फ्लॉपीवर. अमिगावाल्यांमध्ये फुकट प्रोग्रॅम असेच फिरत. पुढच्याच वर्षी तो युनिक्सवर आला. १९९४मध्ये मोलेनार दक्षिण युगांडातल्या किबाले गावी स्वयंसेवक म्हणून पाणी आणि सांडपाण्याची कामं करायला गेला. एड्सने आईबाप हिरावलेल्या मुलांची तिथली संख्या पाहून आल्यावर त्याने विमच्या परवान्यातच लिहून टाकलं: प्रोग्रॅम फुकट वापरा, आवडला तर या मुलांसाठी काही द्या. कुठलीही फाइल न देता विम उघडला की पडद्यावर युगांडातल्या मुलांना मदत करण्याची ओळ यायची ती यामुळे. जाहिरातीसाठी इतकी मोक्याची जागा हाताशी असताना माणसाने ती स्वतःसाठी वापरली नाही, हे सॉफ्टवेअरच्या धंद्यात विरळाच.

काम करण्याची त्याची रीत मात्र एकहाती होती. सुधारणा जगभरातून यायच्या, पण त्या मूळ कोडमध्ये घालायचा तोच. प्रत्येक बदलाला क्रमांक, आणि खाली दोनच नोंदी: अडचण काय होती, उपाय काय केला. एडिटरसोबत ‘टूडू’ नावाची एक फाइल यायची, अजूनही येते. माहीत असलेल्या चुका आणि राहिलेल्या इच्छा यांची ती हजारो ओळींची यादी. आपल्या वस्तूतल्या उणिवा गिऱ्हाइकाच्या हातात छापून देणारा दुकानदार शोधून सापडायचा नाही.

एकाच्या हाती सगळं असलं की नकारही त्याच्याच हाती असतो. ब्राझीलच्या थियागो द अरुदाने विमला एका वेळी अनेक कामं करता यावीत म्हणून बदल पाठवले, ते घेतले गेले नाहीत. २०१४मध्ये त्याने कोडची प्रत घेऊन ‘निओविम’ सुरू केला. कारभार हाती मिळत नसेल तर वेगळी चूल मांडायची, ही मुभा खुल्या परवान्यातच असते. विमची त्यात हानी झाली असं वाटत नाही. २०१६च्या आठव्या आवृत्तीत पार्श्वभूमीला कामं चालवण्याची सोय आलीच, आणि शेजारच्या चुलीचा धूर दिसल्याशिवाय ती तेव्हा आली असती का, ही शंका रास्त आहे.

वेगळी चूल मांडायची वेळ न आणता कारभार हयातीतच दुसऱ्याकडे सोपवल्याचं उदाहरणही याच क्षेत्रात आहे. लिनस टॉर्वल्ड्सने एप्रिल २००५मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ लिहायला घेतलं आणि जुलैत ते ज्युनिओ हामानोच्या हवाली करून तो लिनक्सकडे परतला. हामानोने ते वीस वर्षं सांभाळलं. याच्या उलटं झालं ‘एक्सझेड’चं. फाइली दाबून लहान करणारं हे साधन फिनलंडचा लासे कोलिन बिनपगारी, जवळपास एकट्याने सांभाळत होता. तो थकलेला आहे हे हेरून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे कामं केली, अधिकार मिळवले आणि २०२४च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. मदतीला आलेल्या माणसाची पारख कशी करायची, याचं उत्तर तेव्हापासून आणखीच अवघड झालंय.

मोलेनारला वारस नेमायची सवड मिळाली नाही. आजार थोड्याच आठवड्यांत बळावला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी, ६२व्या वर्षी तो गेला. मागे उरलेला कारभार म्हणजे नुसता कोड नव्हता. बदल घालण्याचे अधिकार, संकेतस्थळ, सुरक्षेतल्या त्रुटी कळवायचा पत्ता, सगळ्याची घडी नव्याने बसवायची होती. ते जर्मनीच्या ख्रिस्तियान ब्राबांटने अंगावर घेतलं. विमवाल्यांना तो परका नव्हता. शोधलेल्या शब्दाचं पुढचं ठिकाण थेट निवडणारी ‘जीएन’ ही आज्ञा त्याचीच. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, बिघाड स्वतःच्या यंत्रावर घडवून पाहायचा, हे कंटाळवाणं काम तो वर्षानुवर्षं करत आला होता. अशा वेळी हुशारीपेक्षा हीच हजेरी उपयोगी पडते. नोकरी सांभाळून त्याने २ जानेवारी २०२४ रोजी ९.१ आवृत्ती काढली आणि ती मोलेनारला अर्पण केली. विमच्या नव्या भाषेतलं क्लासचं काम मोलेनारच्या हातून अपुरं राहिलं होतं, ते तिच्यात आलं.

अडचण आणि उपाय या दोन नोंदी त्याने तशाच ठेवल्या. बदलली ती लेखकाची ओळ. मोलेनारच्या काळात जवळजवळ प्रत्येक बदलापुढे त्याचंच नाव लागायचं आणि मूळ सुधारणा पाठवणाऱ्याचं नाव उपायाच्या शेवटी कंसात यायचं. ब्राबांट ज्याचा बदल त्याच्याच नावावर चढवतो. त्यामुळे विमच्या नोंदवहीत ऑगस्ट २०२३नंतर एकदम माणसं वाढल्यासारखी दिसतात. त्यातली बरीचशी आधीही होती, फक्त कंसात.