आब्लो, आब्लास, आब्ला!

स्पॅनिशची क्रियापदं घाबरण्यासारखी नाहीतच मुळी! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून तेच सांगत सुटले आहे.

मूळ क्रियापद कुठलंही घ्या, शेवटी 'आर', 'एर' किंवा 'ईर' असणारच. झाले तीन गट! 'आब्लार' म्हणजे बोलणं. त्यातला 'आर' काढा आणि प्रत्यय जोडत चला: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. शाळेत 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' घोकलेल्यांना यात नवीन ते काय? उलट इथे द्विवचनच नाही, म्हणजे नवाऐवजी सहाच रूपं. सर्वनामही बहुतेकदा गाळलेलं चालतं, आपण 'येतेस का?' विचारतो तसंच. वर आणखी एक चैन: 'बोलतो-बोलते' ही भानगड नाही. बाई असो की बुवा, दोघंही 'आब्लो'च!

पण खरी गंमत पुढे आहे. 'पोदेर' म्हणजे शकणं. रूपं बघा: पुएदो, पुएदेस, पुएदे... मध्येच पोदेमोस, पोदेइस... आणि परत पुएदेन! याला म्हणे अनियमित म्हणतात. अनियमित कसलं? मोठ्याने म्हणून तर बघा. 'पुएदो'त जोर पहिल्या अक्षरावर आहे, 'पोदेमोस'मध्ये तो सरकून 'दे'वर गेला. जोर आला की 'ओ'चा 'उए', जोर हटला की पुन्हा 'ओ'! मी लगेच 'दोर्मीर', म्हणजे झोपणं, तपासलं: दुएर्मो, पण दोर्मीमोस. विचार करण्याचं 'पेन्सार' घेतलं, तिथे 'ए'चा 'इए': पिएन्सो, पण पेन्सामोस. तेच, अगदी तेच!

सगळीच क्रियापदं अशी बदलत नाहीत. खाण्याच्या 'कोमेर'चं 'कोमो'च राहतं. कुठलं बदलतं ते पाठ करावं लागतं. पण बदललं तर कुठल्या रूपांत, ते वर्तमानकाळात कान सांगतो. आणि अर्जेंटिनात तर कहरच! तिथे 'तू' ऐवजी 'बोस' म्हणतात आणि त्याच्या 'पोदेस' या रूपात जोर शेवटी पडतो. मग 'उए' होईल कसा? होतच नाही! समुद्रापलीकडच्या बोलीनेही नियम पाळला.

म्हणून सांगते, तक्ता नुसता डोळ्यांनी वाचू नका, खणखणीत म्हणा. 'आब्लो'च्या 'आ'वर जोर दिलात तर 'मी बोलते'. तोच शेवटच्या 'ओ'वर दिलात तर 'ती बोलली'. एवढ्याशा जोराने माणूसही बदलला आणि काळही!