माद्रिद ते लिस्बन

मुलगी माद्रिदला नोकरीला, पुतण्या लिस्बनला शिकायला, त्यामुळे या दोन राजधान्यांमधली माझी ये-जा सुरू झाली. हवाई अंतर साधारण ५०० किलोमीटर. वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिलेला असतो, पण त्यातला बराच वेळ विमान धावपट्टीपर्यंत सरकण्यातच जातो. विमान वर जाऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायची सूचना होते. मुलगी म्हणते, "आई, पुस्तक काढूच नकोस."

घड्याळ मात्र दमवतं. पोर्तुगालची वेळ स्पेनच्या तासभर मागे. माद्रिदहून दुपारी तीनला निघालेलं विमान लिस्बनला साडेतीनच्या आतबाहेर टेकतं आणि परतताना तेवढाच प्रवास घड्याळात अडीच तासांचा होतो. खरं पाहता माद्रिदही ग्रीनिचच्या पश्चिमेलाच आहे. पण १९४० साली स्पेनने घड्याळं तासभर पुढे नेली, ती आजतागायत तशीच. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायलाच पावणेदहा होतात आणि मुलीकडे जेवणं त्यानंतर.

लिस्बनचा विमानतळ १९४२ पासूनचा. शहर वाढत वाढत त्याच्याभोवती आलं. उतरताना लाल कौलं इतकी जवळून जातात की गच्चीत वाळत घातलेल्या चादरी दिसतात. बाहेर पडलं की समोर मेट्रो. सोय उत्तम, तक्रार नाही. पण मधला मुलूख पाहायचा राहून जात होता, याची मला चुटपुट लागली होती.

म्हणून एकदा रेल्वेने निघाले. पूर्वी दोन्ही शहरांना जोडणारी रात्रीची गाडी होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली नाही. थेट गाडीच उरली नाही. माद्रिदहून सरहद्दीजवळच्या बादाखोसला जायचं, तिथून पोर्तुगालमध्ये एन्त्रोंकामेंतु, मग लिस्बन. सगळा दिवस जातो. पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, कशाला एवढी दगदग?"

बादाखोसला छोटी गाडी मिळाली, माणसं मोजकीच. सरहद्द कुठे ओलांडली ते कळलं फक्त मोबाइलवरून: वेळ तासभर मागे आली होती. दोन्ही बाजूंना कॉर्क ओकची झाडं. काहींची खोडं फांद्यांपर्यंत सोललेली, तांबूस तपकिरी, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा. शेजारच्या आजोबांनी बोटांवर नऊ मोजून दाखवलं. साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक झाडावर लिहितात. पुढची नऊ वर्षं त्याला हात लावायचा नाही. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालमधून येतं. मी नंतर आकडेच वाचत बसले.

अब्रांतिशच्या सुमारास तेजो नदी आली. माद्रिदच्या दक्षिणेला तोलेदोला वळसा घालून निघणारी हीच नदी लिस्बनला समुद्राला मिळते. नदी एवढी सलग वाहते आणि शेजारच्या दोन राजधान्यांमध्ये थेट गाडी नसावी, हे मला अजिबात पटत नाही. एव्होरा ते एल्व्हश नवा मार्ग बांधायला घेतलाय, त्यावर माझी आशा आहे. तोवर कुणाला याच वाटेने जायचं असेल तर दिवसाउजेडी जावं, आणि बादाखोसच्या पुढे गाडीत खायला मिळत नाही, तेव्हा डबा जवळ ठेवावा.