'मी' कुठे संपतो?

पी.एल. चालू होती. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर चार दिवसांवर आलेला आणि आमच्या रूमवर काय चाललं होतं? तर मेसमधून ढापून आणलेल्या रबरी हातमोज्यात कापूस भरणं!

सगळा उद्योग रूम पार्टनरचा. बॉटविनिक आणि कोहेन या दोघांनी १९९८ साली 'नेचर'मध्ये छापलेला एक प्रयोग त्याने कुठेतरी वाचला होता. माझा डावा हात टेबलावर, त्याच्या आड ड्रॉइंग बोर्ड उभा, म्हणजे तो मला दिसू नये. डोळ्यांसमोर फक्त मोजा. मग पठ्ठ्या दोन ब्रश घेऊन दोन्हींच्या त्याच त्या बोटांवरून एकाच वेळी फिरवायला लागला. आधी हसू आलं. मग हसू थांबलं. ब्रश मोज्यावर फिरतोय आणि स्पर्श मला तिथेच होतोय! त्याने मध्येच कंपासचं टोक मोज्यावर उगारलं आणि मी चक्क बोर्डामागचा हात मागे ओढला. रूमभर हशा.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. काका आठवले.

मी सातवीत असताना काकांचा उजवा हात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. जखम भरली, पण रात्री-अपरात्री ते उठून बसायचे. "मूठ आवळलीया रं, सुटंना. नखं रुतत्यात." काकू अंगारा लावायची. शेजारी म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. आणि मी? हसत म्हणालो होतो, "काका, हातच नाही तर मूठ कसली?" ते काही बोलले नाहीत. पुन्हा कधी कुणाला सांगितलंही नाही.

मित्रांनो, स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. हात हलवायचा हुकूम सोडताना मेंदू त्याची एक प्रत जवळ ठेवतो आणि काय जाणवेल याचा अंदाज बांधतो. अंदाज जुळला की ते 'माझं', न जुळलेलं ते 'बाहेरचं'. आपल्या सिलॅबसमधलाच प्रकार की! (पेपरात विचारला नाही, हा भाग वेगळा.) आत-बाहेरची ही रेघ मेंदू क्षणाक्षणाला नव्याने मांडतो. म्हणून रबराचा मोजा 'माझा' होतो आणि तुटलेला हात 'माझाच' राहतो. काकांचा मेंदू हुकूम सोडत होता, "मूठ उघड." उघडल्याची खबर देणारा हातच नव्हता.

डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर साधी युक्ती काढली. मध्ये आरसा उभा करायचा, म्हणजे शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. काहींची मूठ त्याने सुटली. सगळ्यांची नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आरसा घेऊन गेलो. काका डावी मूठ उघडत-मिटत बराच वेळ आरशात बघत राहिले. "जरा सैल वाटतंय," म्हणाले. रात्री पुन्हा दुखलंच. मग मी त्यांना मोज्याची गोष्ट सांगितली, कंपास पाहून कसा दचकलो तेही. ते कितीतरी वेळाने बोलले, "म्हंजे मला येड लागलं नव्हतं तर."

माफी मागायची होती, जमलं नाही. पण आता घरी फोन केला की आधी विचारतो, "काका, हात कसा आहे?"

कोणता, असं ते विचारत नाहीत.